पेपर वाचला आणि त्याच रात्री गोळी बंद केली

बसायच्या आधीच तिने फोन टेबलावर माझ्याकडे सरकवला. "डॉक्टर, हे वाचा आधी. अकरा महिने मी उगाच गोळ्या घेतल्या का?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पण असे स्क्रीनशॉट घेऊन येणारं हल्ली कोणी ना कोणी असतंच.)

डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम चालू होती (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी गोळी), झोप लागायला लागली होती, कामावर पण परत जात होती, सगळं बरं चाललेलं. मग एक रील दिसलं, 'सेरोटोनिन खोटं निघालं' टाइप. हिने निदान मूळ पेपर तरी शोधला, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश वाचला आणि त्याच रात्री गोळी एकदम बंद. चौथ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, कशावरूनही रडू. आता तिला वाटत होतं की आजार परत आलाय आणि शिवाय आपल्याला गोळीचं व्यसन लागलंय.

पेपर खराच आहे. २०२२ चा, मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री जर्नलमधला, जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांचा. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे डिप्रेशन येतं याला सातत्याने पुरावा सापडत नाही, असं त्यात म्हटलंय. आता खरं सांगायचं तर 'मेंदूत केमिकल कमी पडलंय' हे वाक्य आम्ही डॉक्टरांनीच लोकांच्या तोंडी बसवलंय. मीही वापरलंय, बाहेर दहा पेशंट बसलेले असताना ते फार सोयीचं पडतं. त्यामुळे तिचा राग मला चुकीचा वाटला नाही.

पण आजार का होतो हा एक प्रश्न आणि गोळीने बरं वाटतं का हा दुसरा. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्याने आलेला नसतो. दुसऱ्या प्रश्नावर २०१८ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये मोठा अभ्यास आला, ५२२ ट्रायल्स (औषधाच्या चाचण्या), १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. सगळी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली, पण फरक बेताचाच, जादू वगैरे नाही.

"मग हा लॅन्सेटवाला अभ्यास तरी खरा कशावरून?"

प्रश्न बरोब्बर होता, म्हणून तिला २००८ चा एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएकडे नोंदलेल्या अँटीडिप्रेसंटच्या (डिप्रेशनवरच्या औषधांच्या) ७४ ट्रायल्स त्यात घेतल्या. एफडीएच्या मते ३८ मध्ये औषध चाललं, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अशा लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटावं औषध चाललं, आणि जशा होत्या तशा फक्त ३. म्हणूनच २०१८ वाल्यांनी न छापलेला डेटा पण शोधून धरला. आणि हे फक्त कंपन्यांचं पाप नाही हां. माझा स्वतःचा थिसिस निगेटिव्ह निघाला, दोन जर्नल्सनी नाही म्हटलं, तिसरीकडे मी पाठवलाच नाही. आहे अजून ड्रॉवरमध्ये.

मग तिच्या करंटकडे आलो. गोळी अचानक सोडल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, झटके सुरू झाले तर बहुतेक वेळा ती सोडण्याचीच लक्षणं असतात, आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी. व्यसन म्हणावं तर गोळीची तलफ लागत नाही, डोस आपोआप वाढवावासा वाटत नाही, शरीराला सवय झालेली असते इतकंच, पण 'इतकंच' म्हणून त्रास कमी होत नाही हेही खरं. गोळी परत चालू केली, आठवड्याच्या आत करंट थांबले. बंद करायचीच असेल तर करू म्हटलं, पण ठरवून, काही महिन्यांत, आणि शेवटी शेवटी अगदी थोडी थोडी कमी करत. स्वतःहून मात्र एका रात्रीत नाही.

सध्या अर्ध्या डोसवर आहे. मागच्या वेळी निघताना म्हणाली, "तुमचा तो ड्रॉवरमधला थिसिस वाचायला द्याल?" दिला. सँपल एवढं लहान का घेतलं, असा मेसेज आलाय, उत्तर अजून द्यायचंय.