आधी लॅपटॉपमधलाच स्क्रीन रीडर सुरू करा

जन्मापासून अंध असलेल्या मुलीला बारावीनंतर संगणकशास्त्र झेपेल का, आणि त्यासाठी महागडा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, आधी विकत घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नको, इतक्यात तर नकोच.

तुमचा लॅपटॉप विंडोजचा आहे. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकदम दाबा, नॅरेटर हा विंडोजमधलाच स्क्रीन रीडर बोलायला लागेल. (मॅकमध्ये २००५ पासून असाच व्हॉइसओव्हर असतो.) ‘नॅरेटर नावापुरताच असतो’ हे तुमच्या कानावर आलंय ते जुन्या आवृत्त्यांबाबत खरं होतं. आता सुरुवात करायला तो पुरेसा आहे. त्याचा आवाज रटाळ वाटला, तर कॅप्स लॉक धरून अधिकची कळ दाबत राहा, वेग वाढेल. सरावलेली माणसं इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला एक शब्द कळत नाही.

वेबपेज उघडल्यावर स्कॅन मोडमध्ये, म्हणजे कळा दाबून पानावर फिरायच्या नॅरेटरच्या सोयीत, एच दाबत एकेका मथळ्यावर जाता येतं, के दाबून लिंकवर. सगळं पान पहिल्या ओळीपासून ऐकावं लागत नाही. कधी नुसतंच ‘बटन’ असं ऐकू येईल, कशाचं ते कळणार नाही. तिथे वेबसाइट बनवणाऱ्याने बटनाला नावच दिलेलं नसतं. हे तिला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर ‘मलाच जमत नाही’ असं ती धरून बसेल. आणि कृपा करून तिच्यासाठी माउस हातात घेऊ नका.

कळा बोटांत बसल्या की एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर टाका. तो मोफत आहे आणि मायकेल करन व जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी उभा केलाय. संगणकशास्त्र झेपेल का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावर प्रोग्रामचा अर्थ ठरतो. एनव्हीडीए ते बोलून किंवा सुरांनी सांगतो. जॉजसारखा विकतचा स्क्रीन रीडर नोकरीत लागला तर तेव्हा बघू. दोन येत असले की तिसरा शिकायला फार वेळ लागत नाही.

नातेवाईक सुचवतात ते टेलिफोन ऑपरेटरचं काम तिने मागितलेलं नाही, तेव्हा तो विषय सोडा. वेबसाइट अंधांना वापरता येतात का हे तपासण्याचं कामही चांगलं आहे, पण तिला प्रोग्रामिंग करायचं असेल तर तिकडे ढकलू नका.

प्रवेशाआधी कॉलेजला एवढं विचारा: प्रात्यक्षिक परीक्षा स्वतःच्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून देता येईल का? उत्तर लेखी घ्या.