काच शाबूत, मोर मोडलेला

ताई, रत्नागिरीहून नागपूरला नणंदेच्या वास्तुशांतीसाठी पाठवलेल्या तुमच्या क्विलिंगच्या (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेल्या) मोराची मान सुटली, पिसारा फ्रेमच्या तळाशी गोळा झाला आणि कुरिअरवाले म्हणतात, ‘काच फुटलेली नाही, मग नुकसान कसलं?’ वाचून डोकंच फिरलं. माझ्या गणपतीच्या फ्रेमच्या वेळी मलाही हेच ऐकवलं होतं.

कॉइल (म्हणजे त्या गुंडाळ्या), गोंद वगैरे तुम्हाला काय सांगायचं! त्या ऑफिसबद्दल मात्र सांगते (नाव घेत नाही). आधी म्हणाले, बिल आणा. घरी केलेल्या वस्तूचं बिल कुठलं? मग म्हणाले, कच्च्या मालाचं चालेल. ते दिलं, तर फ्रेम शाबूत म्हणून वजा, माउंटबोर्ड (मागचा जाड पुठ्ठा) शाबूत म्हणून वजा. उरल्या पट्ट्या. रात्री जागून गुंडाळल्याची मजुरी लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. ‘मॅडम, कागदच आहे ना?’ असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तेव्हा फॉर्म तिथेच टाकून निघाले.

मी कायद्याची जाणकार नाही, पण तक्रार लेखीच करा आणि पॅकिंगचे फोटो जोडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पुढच्या वेळी पावतीमागचा बारीक मजकूर बुकिंगआधीच वाचा, भरपाईची मर्यादा बहुधा तिथेच असते. वस्तूची किंमत मजुरीसकट लिहा आणि पार्सलचा विमा काढा. ‘नाजूक’ असा लाल स्टिकर लावून काही होत नाही, हे माझं ठाम मत.

आता थोडं कडू. काच शाबूत राहून काम सुटलं, म्हणजे धक्क्याइतकाच दोष ओलाव्याचाही असू शकतो. कोकणातल्या पावसात फेव्हिकॉल वरून वाळलेला दिसतो, खाली ओलाच असतो. तशात फ्रेम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की दमटपणा आतच कोंडतो. मी पावसाळ्यात निदान दोन दिवस पंख्याखाली ठेवल्याशिवाय काच बसवत नाही. शिवाय ५ मिमीची पट्टी आणि काच यांत बोटभर तरी जागा हवी, म्हणून बॉक्स फ्रेमच (खोल फ्रेम) घ्या. साधी फ्रेम ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्या फ्रेमवाल्याकडे जाऊच नका. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहाचे डबे अशाच कागदी गुंडाळ्यांनी सजवायचे, त्यांतल्या काहींवर काच असायची. तेही कागदच होतं म्हणा! लांब पाठवायचं असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक (पारदर्शक प्लॅस्टिकची शीट) लावा, आणि ब्रशने पाण्याचं वार्निश अजिबात नको, कागद फुगून कॉइल उघडतात.

मोराचं म्हणाल तर नणंदबाईंना फ्रेमची पाठ उघडायला सांगा. सुटलेले तुकडे चिमट्याने उचलून, टूथपिकच्या टोकाने गोंद लावून बसवता येतात, जागा तुम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवा. फ्रेम परत मात्र मागवू नका, उरलासुरला पिसाराही वाटेत जाईल.