आवाज येत नसेल तर आधी हे पाहा
संगणकातून आवाज येत नाही म्हणून लगेच ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढून टाकण्याची घाई कृपया करू नका. विंडोजमध्ये टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुटसाठी कोणते उपकरण निवडलेले आहे ते पाहा, कारण एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की आवाज पुष्कळदा तिकडे वळतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसले तर काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक ॲपचा आवाज वेगवेगळा दाखवणारा व्हॉल्यूम मिक्सरही एकदा तपासा. कॉल सुरू होताच गाण्यांचा आवाज आपोआप खाली जात असेल, तर कंट्रोल पॅनलमधील जुन्या साउंड विंडोतील कम्युनिकेशन्स टॅबवर जा; तिथे इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो, त्याऐवजी ‘डू नथिंग’ निवडा. मायक्रोफोन बूस्ट (माइकने टिपलेला आवाज आणखी मोठा करणारी सेटिंग) मात्र जपून वाढवा, त्याने पंख्याची घरघरही वाढते.