आखातात ऑइलफिल्डला ट्रेलर चालवायला जायचंय, एजंटला १ लाख ६० हजार द्यावेत का?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही अकरा वर्षं पानेवाडी डेपोवरून पेट्रोलचा टँकर चालवताय, पगार भत्ता मिळून स्वतःचा खर्च जाता महिन्याला २४ हजार घरी देता, आणि आता एजंट म्हणतोय की अबुधाबीच्या ऑइलफिल्डला ट्रेलर ड्रायव्हरचं काम आहे, २,४०० दिरहम पगार, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, फक्त १ लाख ६० हजार भरा. ते पैसे तुम्ही शेकडा ३ नी सावकाराकडून उचलणार. घरात बायको, दोन मुलं, आणि तुमचा प्रश्न एवढाच की जाऊ का नको.

जा. पण या पैशात आणि या रस्त्याने नको.

आता हिशोब बघा, मी दिरहम २३ रुपयांना धरतोय. २,४०० मधून मेस, मोबाईल, साबण-सोडा मिळून ६०० गेले तर उरले १,८००, म्हणजे ४१,४००. ऐकायला छान वाटतं. पण तुम्हीच लिहिलंय की तिथल्या लायसन्सचा खर्च कंपनी महिन्याला ५०० दिरहम असा वर्षभर कापणार, कारण आपलं हेवी लायसन्स तिकडे चालत नाही, परत ट्रेनिंग, परत टेस्ट, आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. म्हणजे पहिल्या वर्षी घरी येणार २९,९००, त्यातून सावकाराचं व्याज ४,८०० गेलं की २५,१००. आज २४ हजार देताय. बायकामुलांपासून लांब राहून महिन्याला अकराशे रुपये जास्त! दुसऱ्या वर्षी कापणी थांबली की व्याज जाऊन ३६,६०० येतील, म्हणजे आजच्यापेक्षा १२,६०० वर. दोन्ही वर्षांची जास्तीची कमाई धरली तर १ लाख ६४ हजार ४००, आणि मुद्दल फेडायचंय १ लाख ६०. दोन वर्षं उन्हात काढून हातात राहिले ४,४०० रुपये, हे मला सहन होत नाही म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

हेच काम कायद्याच्या रस्त्याने करा. नोंदणी असलेल्या एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन, आणि यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असं आहे. मेडिकल, किरकोळ धरून ५० हजार समजा. ते बायकोच्या सोन्यावर बँकेतून उचला, व्याज महिन्याला पाचशेच्या आसपास. पहिल्या वर्षातच कर्ज फिटतं आणि दुसऱ्या वर्षी महिन्याला १७,४०० जास्तीचे, म्हणजे २ लाखाच्या वर शिल्लक. काम तेच, गाडी तीच, फरक फक्त एजंटचा.

दुसरी गोष्ट, आणि ही पहिल्यापेक्षा मोठी. एजंट म्हणाला "आधी व्हिजिटवर जा, मग तिकडे बदलून देऊ". अजिबात नाही. तुम्ही नववी पास, म्हणजे पासपोर्ट ईसीआर (दहावी पास नसलेल्यांचा, नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागणारा), तुम्हाला नोकरीच्या व्हिसावर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून क्लिअरन्स घेऊनच जायचंय, त्यातच प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखाचा विमा मिळतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. व्हिजिटवर गेलात की हे संरक्षण नाही आणि पगार अडला तर तक्रार करायला हातात कागद नाही. एजंटचा नोंदणी नंबर आजच ई-मायग्रेटवर टाकून बघा.

पत्रात २,४०० लिहिलंय, पण त्यात बेसिक फक्त १,२००, बाकी ओव्हरटाईम आणि ट्रिपचे. ऑइलफिल्डचं काम तेलाच्या भावावर चालतं, २०१४ ला बॅरल शंभर डॉलरवर होतं ते २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आलं, २०२० च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकेत एक दिवस भाव शून्याच्या खाली गेला. अशा वेळी रिग थांबते, पाईपची, पाण्याची ट्रिप थांबते, आणि ड्रायव्हर कॅम्पवर बेसिकवर बसून राहतो. १,२०० मधून मेसचे ६०० गेले, घरी आले १३,८००, आणि पहिल्या वर्षी लायसन्सचे ५०० पण त्यातूनच. म्हणून म्हणतो बेसिक वाढवून घ्या. ग्रॅच्युइटी पण बेसिकवरच मिळते, वर्षाला २१ दिवसांची, तुमच्या दोन वर्षांची होते १,६८० दिरहम. लायसन्सचा खर्च कंपनीने उचलावा हे पण बोला, अकरा वर्षं ज्वलनशील माल चालवलेला, हझार्डस ट्रेनिंग झालेला माणूस त्यांना पण रोज मिळत नाही, तुम्ही स्वतःला कमी समजू नका.

ऑफर लेटरवर पद "हेवी ड्रायव्हर" आहे ना बघा, "हेल्पर" असेल तर सही करू नका. हबशान, बू हसा, शाह अशा फिल्डवर गेटपास लागतो, एच-टू-एस गॅसचं ट्रेनिंग लागतं, हा गॅस जीवघेणा असतो, त्यामुळे ट्रेनिंगचा खर्च कोण करणार तेही लिहून घ्या.

जाण्याआधी ५० लाखाचा टर्म विमा काढा, ऑइलफिल्डला जातोय हे फॉर्ममध्ये लपवू नका. घरी तीन महिन्यांचा खर्च बायकोच्या खात्यात ठेवा, तो नसेल तर दोन महिने उशिरा जा. तिकडे गेल्यावर एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) उघडा, पगार त्यात पाठवा, व्याजावर इथे टॅक्स नाही. आणि इथल्या टँकरच्या मालकाशी भांडून निघू नका.

नंबर ई-मायग्रेटवर सापडला नाही तर त्या एजंटला एक रुपया देऊ नका, मग तो शेजारच्या गावचा असला तरी. सापडला तर कंपनीचं ऑफर लेटर मागा, आणि सहीच्या आधी मला पाठवा, मी बेसिकचा हिशोब परत मांडून देतो.