काचेआडचा नाग: फिल्टर राहू द्या, काळं फडकं न्या

तुम्ही टाकलेले तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. कात्रजच्या सर्पोद्यानातला नाग मस्त बसलाय, पण फण्यावर तुमचा पांढरा शर्ट, वरची ट्यूब आणि लेकीचा हात उमटलाय. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, एवढ्यासाठी घेऊ नका.

काचेत दिसतो तो आपल्या बाजूचा उजेड. नाग अंधारात आणि आपण उजेडात, म्हणून काचेचा आरसा होतो. लेन्स आणि काच यांच्यामधली फट बंद केली की काम झालं. मी साताऱ्याहून निघताना बॅगेत दोनच जादा वस्तू टाकतो: लेन्सच्या तोंडावर बसणारा मऊ रबरी हूड (आखूड नळीसारखा) आणि हातभर काळं सुती कापड. हूड अलगद काचेला टेकवायचा, फट राहिली तर कापडाने झाकायची. अंगात गडद शर्ट. लेन्सची कडक कड मात्र काचेवर आपटू देऊ नका, आतल्या प्राण्याला तो हादरा बसतो. सापाला बाहेरचा कान नसला तरी कंप त्याला नीट जाणवतो. काचेवर टकटक करणाऱ्यांना मी तिथल्या तिथे थांबवतो, तुम्हीही थांबवा.

पोलरायझर काचेसमोर सरळ उभं राहिलं तर जवळजवळ काहीच करत नाही. त्याचा खरा उपयोग काचेकडे तिरकं, साधारण ५५ अंशांतून पाहताना होतो, आणि जाड काचेतून तिरका फोटो काढला की खवल्यांच्या कडा विरघळतात. वर तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, आणि सर्पोद्यानात उजेडाचीच बोंब असते. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच असेल तर इंद्रधनुषी डाग येतात ते वेगळेच.

तुमची दुसरी अडचण लेन्सची आहे. ७०-३००, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, तुम्ही काचेला टेकवलीत, नाग पलीकडे वीतभर अंतरावर, आणि फोकस नुसता पुढेमागे फिरत राहिला. ती लेन्स साधारण दीड मीटरच्या आत फोकसच करत नाही. तुमच्याकडची साधी १८-५५ घ्या, ती २५ सेंटीमीटरवर चालते. ७०-३०० ठेवा लांब बसणाऱ्या वाघासाठी.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडा. काचेवरचे ओरखडे लेन्सच्या इतके जवळ येतात की पार पुसले जातात. एकच फोकस बिंदू ठेवून तो डोळ्यावर टेकवा, नाहीतर कॅमेरा काचेवरचा बोटाचा ठसा पकडतो. ठसा आपल्या बाजूचा असेल तर आधी कोरड्या कापडाने पुसा. लहान मुलं नाक लावून पाहतात, नेमक्या त्याच उंचीवर धुरकट पट्टा असतो. आतून बसलेल्या पाण्याच्या डागांना इलाज नाही, वीतभर सरका. फ्लॅश बंदच. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि भलत्या वेगाला फोटोवर पट्टे उठतात. जाड काचेची हिरवट झाक रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) नंतर सहज निघते.

मोबाइलवाल्यांनी फोन काचेला चिकटवावा. जवळ गेल्यावर तो आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारत असेल तर ती सेटिंग बंद करा.

आणि थांबा हो. फणा काढलेला फोटो सगळ्यांना हवा असतो, दहाचा आकडा दिसावा म्हणून. पण नाग काचेजवळ शांत वेटोळं घालून बसतो, तेव्हा त्याचा डोळा बघा. सापाला पापणी नसते, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. कात टाकायच्या आधी तोच खवला दुधाळ निळसर होतो. एकदा मला तसा नाग दिसला आणि मी त्या एका खिडकीसमोरून तासभर हललो नाही.

तुमच्या मित्राने सुचवलंय, की ओळखीच्या सर्पमित्राला सांगून नाग मोकळ्यावर घेऊ, काचेची कटकटच नको. कृपा करून हे करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नागाला संरक्षण आहे, आणि पकडलेला साप फोटोसाठी डिवचणं हा त्याचा छळ आहे. काचेतून काढलेला फोटो मला त्याहून शंभर पटींनी प्यारा.

जायच्या आधी साताऱ्यात राजवाड्याजवळ एखाद्या पेढेवाल्याला विचारून त्याच्या काचेच्या कपाटावर सराव करा. आत कंदी पेढे, बाहेर रस्त्याचा लख्ख उजेड. पेढ्यावरचा रवाळपणा स्वच्छ आला की हात बसला समजा. कात्रजला बुधवारी सुट्टी असते, बेत मंगळवार-गुरुवारचा करा आणि गेट उघडतानाच आत शिरा.

लेकीलाही त्या काळ्या कापडाखाली डोकं घालू द्या. डोळ्यांनाही तोच नियम लागू आहे. काच नाहीशी होते आणि नागाची जीभ आतबाहेर होताना अगदी नाकासमोर दिसते.