दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्राला सोलर बसवायचं तर आधी काय बघावं?
पॅनल किती वॉटचे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी वही घ्या आणि कोणतं उपकरण किती तास चालतं ते लिहून काढा. प्रसूतीच्या खोलीतले एलईडी दिवे, मोबाइल चार्जिंग यांना फारसं लागत नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारा डबा, मात्र एकटाच दीड-दोन हजार वॉट खेचू शकतो. तो गॅसवर चालवता आला तर निम्मी डोकेदुखी गेली.

लसींचा फ्रिज या सिस्टिमला जोडूच नका. लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात, आणि रात्री कुणी त्याच बॅटरीवर टीव्ही लावला की पहाटे फ्रिज बंद. थेट पॅनलवर चालणारे, बॅटरी नसलेले फ्रिज मिळतात. दिवसा आत बर्फ जमवतात आणि त्यावर रात्र काढतात, ढगाळ दिवसही निभावतात.

पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतात, आधी मान टाकते ती बॅटरी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्या चार्जच्या खाली उतरवली तर काही वर्षांतच बसते. त्यामुळे बदलीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. आणि पॅनल पुसायचं काम एकाच माणसाच्या नावावर टाका. ‘सगळ्यांचं’ काम म्हटलं की महिनाभरात काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते.