पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचा एच-इंडेक्स शंभरावर असेल, तर कर्करोग-इम्युनॉलॉजीतील त्यांचे काम खरोखर मोठे समजावे का?

केवळ त्या आकड्यावरून समजू नये. २००५ मध्ये हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेला हा निर्देशांक (शंभर म्हणजे प्रत्येकी किमान शंभर वेळा उद्धृत झालेले शंभर निबंध) लेखकांच्या यादीतील आपले स्थान पाहत नाही. त्यामुळे औषधचाचण्यांच्या लांबलचक लेखकसूचीत मधोमध नाव असणाऱ्याचा आणि मूळ कल्पना सुचलेल्याचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो.

मी ट्यूमरमधील टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींवर, काम करतो आणि या आकड्यापायी एका सहकारी संशोधिकेची बढती हुकताना पाहिली आहे. ट्यूमर बारीक चिरून, ३७ अंशांवर एन्झाइमच्या द्रावणात ठेवून, जाळीतून गाळून पेशी मोकळ्या कराव्या लागतात, हे आपणांस ठाऊक असेलच. काही एन्झाइमे ऊतींचे तंतू तोडता तोडता पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनेही छाटून टाकतात. मग फ्लो सायटोमीटरवर (पेशींवरील रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) पेशी बोडकी दिसते आणि ‘या ट्यूमरमध्ये अमुक रेणू आढळत नाही’ असे बिनदिक्कत छापले जाते. प्लीहेतील पेशी एन्झाइमविनाही मोकळ्या होतात, म्हणून तिने एकाच प्लीहेचे दोन भाग करून, एकाला एन्झाइम लावून व दुसऱ्याला न लावता, हा फरक स्वच्छ दाखवला. शेजारच्या गटांनी निमूटपणे आपली पद्धत बदलली, मात्र निबंधांत ‘पूर्वी वर्णिल्याप्रमाणे’ असे लिहून संदर्भ दिला तो स्वतःच्याच जुन्या निबंधाचा. निवड समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तिचा आणि दुसऱ्या उमेदवाराचा एच-इंडेक्स शेजारी शेजारी मांडला आणि विषय तेथेच संपवला.

त्या बैठकीत मी टी पेशींवरील पीडी-१ या रेणूचे उदाहरण दिले होते. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पेशींच्या मृत्यूशी संबंधित जनुके शोधताना हा रेणू शोधला. तो नसलेल्या उंदरांना ल्युपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार होतो, म्हणजेच हा प्रतिकारशक्तीचा ब्रेक आहे, हे कळायला १९९९ उजाडले. त्यावरील पहिली औषधे २०१४ मध्ये मंजूर झाली आणि २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्यासह होंजो यांना नोबेल मिळाले. पहिल्या पाच वर्षांच्या सायटेशनवरून, म्हणजे इतर निबंधांत मिळालेल्या संदर्भांवरून, त्या निबंधाचे भवितव्य कोणी कसे ओळखले असते? त्यावर ‘अपवादाने नियम ठरत नाही’ असे मला ऐकवण्यात आले.

अपवाद कसला? हॅनहन आणि वाइनबर्ग यांनी २००० साली कर्करोगाची सहा मूलभूत लक्षणे मांडली. तो लेख या क्षेत्रात पराकोटीचा उद्धृत झाला, पण प्रतिकारशक्तीला चकवा देणे हे लक्षण त्या सहांत नव्हते. ते आले २०११च्या सुधारित यादीत. अवघे क्षेत्र ज्याची री ओढत होते, त्या लेखातच आमचा विषय मुख्य यादीबाहेर होता. सायटेशनवरून क्षेत्राचे लक्ष त्या घडीला कोठे आहे एवढे कळते, आणि हे न कळणाऱ्याला निवड समितीवर बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपण त्यांचे सर्वाधिक उद्धृत पाच निबंध काढावेत. त्यांतील रिव्ह्यू (आढावा घेणारे लेख) आणि चाचण्यांचे अहवाल बाजूला ठेवून ते पहिले वा शेवटचे लेखक (म्हणजे सहसा काम प्रत्यक्ष करणारे वा त्याचे नेतृत्व करणारे) कोठे आहेत ते पाहावे. मग उद्धृत करणारे काही निबंध उघडून संदर्भ नेमका कोणत्या वाक्याला दिला आहे ते वाचावे: प्रस्तावनेतील एका वाक्यामागे लागलेल्या आठ-दहा संदर्भांच्या रांगेत, की ज्या प्रयोगावर पुढचे सारे उभे आहे तेथे. खंडन करण्यासाठी दिलेला संदर्भही मोजणीत जमेलाच धरला जातो.

अर्थात, सायटेशन अगदीच निरर्थक असते असे नाही. सीटीएलए-४ हा टी पेशींवरील दुसरा ब्रेक रोखल्यास उंदरांतील ट्यूमर मागे हटतात हे दाखवणारा ॲलिसन यांच्या गटाचा १९९६चा निबंध भरपूर उद्धृत झाला आणि तो त्या योग्यतेचाच आहे. शिवाय एकाच उपशाखेतील, साधारण समवयस्क संशोधकांची तुलना करताना हा आकडा थोडाफार उपयोगी पडतो. आपले भावी मार्गदर्शक कदाचित आकड्याइतकेच मोठे असतीलही. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना मात्र एवढे अवश्य विचारावे की, पद्धत सुधारणाऱ्याचे नाव त्या प्रयोगशाळेच्या निबंधांत लेखक म्हणून येते, की आभारांत.